दुखऱ्या मानेचा हंगाम

कळंब्याच्या आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की मी गॅलरीत येऊन उभी राहते. काम काहीच नसतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका रचलेला की विजेच्या तारांची काळजी वाटावी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर असा लावलेला की चार गल्ल्यांची झोपमोड व्हावी. उसाच्या शेंड्यांचं वाडं रस्त्यावर घासत जातं. संध्याकाळी वारा शिवाराकडून आला तर गुऱ्हाळाचा वास येतो, आधी जळक्या चिपाडांचा आणि त्यामागून शिजणाऱ्या रसाचा. मी मान वर करून तो वास छातीत भरून घेते. मान वर करून, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तीन हंगामांपूर्वी मला तेवढंही जमत नव्हतं.

उपकार कुणाचे आठवावेत याला काही नियम नाही. कुणी गुरूचे आठवतं, कुणी आडवेळी धावून आलेल्या शेजाऱ्याचे. मी दर हंगामाला माझ्या दुखऱ्या मानेचे आठवते. हसू येईल ऐकून, पण खरं तेच आहे. ती मान त्या वर्षी दुखली नसती तर आज माझ्या मागे, गॅलरीतल्या खुर्चीत, आप्पा बसलेले नसते.

आप्पा म्हणजे माझे वडील. आत्ता ते माझ्या पाठीमागे बसून प्रत्येक ट्रॉलीला नावं ठेवत आहेत. "ही बघ, एका अंगाला कललीया. पुढच्या वळणाला पडणार." ती पडत नाही. पुढचीही पडणार असते. त्यांना वाटतं आपण हळू बोलतोय, पण रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला वर बघतो. आप्पांना ऐकू येत नाही. सगळं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलं, आणि कान तिथेच राहिले.

यंत्रमागाची शेड आतून न पाहिलेल्या माणसाला तो आवाज सांगून कळत नाही. आडवा धागा ओढणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, तसाच परत येतो, आणि असे वीस-पंचवीस माग एकाच पत्र्याखाली. लहानपणी मी आप्पांचा डबा घेऊन जायची तेव्हा तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त वाजायचा. डब्यातल्या आमटीवर बारीक थरथर उठायची. अशा जागी ओरडून काही उपयोग नसतो. तिथली माणसं ओठांनी बोलतात, आवाज न काढता, तोंड जरा जास्त उघडून, सावकाश. शेडच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मधल्या सगळ्या गदारोळावरून, "चहा सांगितलाय" पासून "मालक आलाय, बिडी विझव" पर्यंत सगळे निरोप जात. आप्पा म्हणायचे, "शेडमधी तोंड वाजवून चालत न्हाय, तोंड दाखवाय लागतंय."

आई त्याच शेडमध्ये धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. त्यांचं लग्न चारचौघांसारखं ठरवून झालेलं, पण खरी ओळख शेडमध्ये झाली असं आई सांगायची, कारण घरात सासू होती आणि शेडमध्ये त्यांचं बोलणं ऐकायला कुणी नव्हतं. ती बिनआवाजी भाषा मग घरीही आली. माझ्या लहानपणीची अर्धी बोलणी मी डोळ्यांनी खाल्ली आहेत. शेजारच्या काकू ओट्यावर येऊन बसायच्या, आई त्यांच्याशी साखरेसारखं बोलत असायची, आणि काकूंनी मान वळवली की त्यांच्या खांद्यावरून मला ओठांनी अशी झाडायची की मी मुकाट्याने पुस्तक उघडायची. काकूंना शेवटपर्यंत आमचं घर फार शांत वाटायचं.

पन्नाशीनंतर आप्पांचे कान हळूहळू गेले, पण आमच्या घरात त्याचा कुणाला पत्ताही लागला नाही. ते तोंडाकडे बघत होते आणि आम्ही तोंड दाखवत होतो. मी हट्टाने कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी एक दिवस घातलं. "ह्यात समदा माग परत चालू हुतोय की," म्हणाले आणि डबीत घालून ठेवलं. त्यांच्याशी बोलायला यंत्र लागायचं नाही. समोरच्याचं तोंड दिसलं म्हणजे पुरायचं.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात आई गेली. मी एकुलती. आप्पांना इचलकरंजीच्या त्या एका खोलीत एकटं कसं ठेवायचं? पण लेकीच्या घरी बापाने राहायचं नाही, हे आमच्याकडे अजून पुरतं गेलेलं नाही. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आप्पा चहा प्यायचे, जेवायचेही, पण मुक्काम म्हटलं की चुळबुळ सुरू. महिनाभर मी मागे लागले तेव्हा ते एक पिशवी घेऊन आले. दारातच म्हणाले, "करमलं तर ऱ्हातो, आक्का. न्हाईतर माझी खोली हाय." खोली त्यांनी सोडली नव्हती. भाडं भरून, कुलूप लावून आले होते. थोरल्या लेकीला आक्का म्हणायची आमच्याकडे रीत. धाकटं कुणी झालंच नाही, तरी मी आक्काच राहिले.

आमचे हे गडहिंग्लजला नोकरीला. शनिवारी एसटीने येतात, सोमवारी पहाटे जातात. मुलगी शिकायला पुण्याला. म्हणजे आठवडाभर घरात माणसं दोन, आप्पा आणि मी. पहिले काही दिवस ते आईबद्दल बोलायचे, तिथल्या गल्लीबद्दल बोलायचे. मग बोलणं कमी झालं, आणि मग थांबलंच. मी म्हटलं, दुःख आहे, वेळ लागणार. शेजारणींनाही तेच सांगितलं. फार समंजस चेहरा करून सांगितलं.

खरं कारण माझ्या हातात होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे तशी नेमणूक आहे. प्रत्यक्षात मी माहिती भरते. सकाळी उठावं तर "तातडीने" अशी सुरुवात असलेला संदेश आलेला असतो, खाली लिंक, आणि दुपारपर्यंतची मुदत. शाळेचा एक गट, वर्गातल्या पालकांचा एक, केंद्राचा एक, भावकीचा एक, आणि "फक्त सूचना" नावाचा एक, ज्यात सूचना सोडून सगळं येतं. भाजी फोडणीला टाकून मी फोन घ्यायची, जेवताना ताटाशेजारी ठेवायची, आणि काम संपल्यावर, खरी लाजेची गोष्ट ही की, काम संपल्यावरही तशीच बसून राहायची. कुणाची तरी सहल, कुणाचं तरी लोणचं, कुणाच्या तरी नातवाचा नाच. मान छातीवर, खांदे कानांशी, आणि समोर आप्पा.

माझं शरीर मला आधी सांगत होतं, हे कबूल करायला हवं. दिवाळीनंतर मानेत एक बारीक कळ यायला लागली. मग खांद्यात उतरली. मग एक दिवस फळ्यावर लिहिताना करंगळीला मुंग्या आल्या आणि खडू पडला. गाडी मागे घेताना मला मागे बघता येईना, कपडे वाळत घालताना दोरीकडे बघता येईना. पाहुण्यांकडे जेवायला गेलो होतो तर पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावून संपवता येईना, शेवटचा घोट चमच्याने घ्यावा लागला. कोल्हापुरात चमच्याने रस्सा पिणाऱ्या बाईकडे लोक कसं बघतात ते तेव्हा कळलं.

आणि मान दुखते म्हटल्यावर कोल्हापुरात वैद्य कोण नाही? एका सरांनी तालमीतल्या वस्तादांचं नाव सुचवलं, "एक झटका देत्यात, मोकळी!" शिपायाने गरम विटेचा शेक सांगितला. समोरच्या वहिनींनी तर इलाजच घरी आणला. त्यांची जयसिंगपूरची नणंद पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की लचक जाते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका. नववीच्या वर्गात अंधश्रद्धेवर मीच तासभर बोलते. तरी त्या रविवारी मी पाटावर पाठ करून बसले होते आणि ती भली बाई भिंतीला धरून, एका पायावर तोल सांभाळत, "लागलं तर सांगा हं मॅडम," म्हणत माझ्या पाठीला अंगठा टेकवत होती. तिने तीनदा अंगठा टेकवला, मी डोळे मिटले. "गेलं बघा," ती म्हणाली. गेलं काहीच नव्हतं. पण तिने बसभाडं घालून एवढ्या लांब येऊन लाथ मारली होती, तिला नाही कशी म्हणणार? मी म्हटलं, हलकं वाटतंय. तिला चहा-पोहे दिले. तिचेही आभार इथे मानून ठेवते.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढायला लावला, वस्तादांच्या झटक्याचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि गळ्याला घालायचा पट्टा दिला. आठच दिवस, बसताना घालायचा, नंतर व्यायाम. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, बाजारातनं कलिंगड आणताना कसं धरता?" मी म्हटलं, छातीशी. "हात लांब करून धरा बघू घरापर्यंत. डोकं म्हणजे कलिंगडच समजा. फोन बघताना तुम्ही ते दिवसभर लांब धरताय. मानेनं किती दिवस धरायचं?" वर्गात मी तरफ शिकवते, आधारापासून अंतर वाढलं की भार वाढतो हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते माझ्याच मानेला लागू आहे हे त्या पोरीने सांगावं लागलं.

पट्टा घातला आणि माझा चेहरा घरात पहिल्यांदा वर आला. पट्ट्यात मान खाली जातच नाही. फोन मांडीवर, आणि नजर समोर भिंतीवर. फोन उचलून धरावा तर दुखरा हात भरून यायचा. मी वैतागून नुसतीच बसले. समोर आप्पा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय व्हय लई?"

मी म्हटलं, "दुखतंय की."

एवढंच. पण पुढे एक तास ते बोलत होते. एकदा मागाच्या पट्ट्यात त्यांचा सदरा अडकला आणि शेडच्या त्या टोकाकडून आईने नुसते ओठ हलवून कुणाला तरी माग बंद करायला कसं लावलं, ते सांगितलं. मी ती गोष्ट कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते माझ्या खुर्चीसमोर आपली खुर्ची आधीच मांडून बसले होते. पट्टा मी आत कपाटावर ठेवला होता, तो त्यांनी आणून हातात दिला. मी मनात म्हटलं, बापाला माझ्या मानेची काय काळजी! त्यांना माझ्या तोंडाची ओढ होती हे मला अजून कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी ह्यांनी आम्हाला गुऱ्हाळावर नेलं. गळ्यात पट्टा घालून मी रसाच्या भल्यामोठ्या काहिलीच्या धगीसमोर उभी. इंजिन धडधडत होतं, चरकात ऊस करकरत होता, रस उकळून फुगून वर येत होता आणि वाफेने ह्यांचा आणि माझा चष्मा पांढरा झाला होता. आम्ही एकमेकांच्या कानाशी ओरडत होतो. आप्पा मात्र आरामात. त्यांना शेडमध्ये आल्यासारखं झालं असावं. गुळव्या काहिलीच्या पलीकडे उभा राहून आपल्या माणसाला काहीतरी सांगत होता, आणि आप्पा एकदम गरजले, "कालचा न्हवं, आत्ताचा द्या की वो पावणं!" गुळव्याच्या हातातला झारा तसाच राहिला. त्याने खरोखरच सांगितलं होतं की ह्या लोकांना कालची ढेप बांध. इतक्या धडधडीत, इतक्या लांबून, म्हाताऱ्याने ऐकलं कसं? तो आप्पांकडे जरा भ्यालेल्या नजरेने बघत आला, गरम गूळ पळसाच्या पानावर घालून दिला, वर काकवीची बाटली भरून दिली, आणि पैसे घेईना. आप्पा परतताना सगळ्या वाटेने हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आठ दिवस झाले. पट्टा सुटला, व्यायाम सुरू झाले. हनुवटी मागे, खांदे मागे, दिवसातून चार वेळा. त्या मुलीने बजावलं होतं, फोन बघायचाच तर डोळ्यांसमोर धरून बघा, मान वाकवू नका. मी गुणी विद्यार्थिनी. बाजारातून फोन ठेवायचा उंच स्टँड आणला, टेबलावर ठेवला, ताठ बसले. मान हळूहळू सुधारली. करंगळीच्या मुंग्या गेल्या. सगळ्या गटांवरची सगळी माहिती मी आता आदर्श बैठकीत भरत होते, आणि उभी असले तर फोन असा चेहऱ्यासमोर धरत होते, आरशात बघावं तसा. शाळेत चार जणींना मी तेच शिकवलं.

आप्पा पुन्हा गप्प झाले. माझ्या लक्षात आलं नाही. पौष संपत आला होता. एका शुक्रवारी शाळेतून आले तर दारात त्यांची पिशवी. आणलेली तीच, तशीच भरलेली.

"उद्या जातो," ते म्हणाले.

"का? काय झालं आप्पा? काही कमी पडतंय का?"

"न्हाय, कमी काय. चांगलं हाय समदं."

"मग?"

ते म्हणाले, "आक्का, आदी तुझी मान खाली हुती. म्या बोलायचो तर तुझ्या भांगासंगं. भांगाला काय सांगायचं माणसानं? मग ती पट्टी आली, आठ दिस बरं ग्येलं. आता मान सरळ हाय तुझी, पर म्होरं त्यो फोन हाय. कपाळ दिसतंय, डोळं दिसत्यात, तोंड दिसत न्हाय. तू बोलतीस का गप हाईस, मला काय कळतंय? मुकंच ऱ्हायाचं तर माझी खोली काय वाईट हाय?"

त्यात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते. ते एखादा सुटलेला धागा दाखवावा तसं सांगत होते. मी तिथेच पायरीवर बसले. घरात भरपूर होतं, औषध वेळेवर होतं, गादी मऊ होती, आणि हा माणूस सहा-सात महिने माझ्यासमोर बसून एकटा होता. कानाने बहिरा तो आधीपासून होता. पुरता बहिरा त्याला मी केलं होतं. मान दुखली म्हणून मी किती बोभाटा केला होता, आणि आप्पांनी पिशवी भरेपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आवाज न काढता, आईसारखं, तोंड उघडून सावकाश म्हटलं, "उद्याचा दिवस थांबा."

ते बघत राहिले. "बरं," म्हणाले. पिशवी मात्र दारातून हलवली नाही.

आता हे लिहिताना मला रंकाळ्यावरची संध्याकाळ आठवते. परवाच आम्ही गेलो होतो. सूर्य पाण्यात उतरत होता आणि कट्ट्यावर ओळीने बसलेली माणसं, माझ्याच वयाची, काही माझ्याहून मोठी, मान खाली घालून बसली होती. आप्पा सगळ्यांचे भांग आणि टकलं न्याहाळत चालले होते. एका जोडप्यासमोर थांबून त्यांनी त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात मला सांगितलं, "मानंचा डॉक्टर इथंच बसाय पायजे बघ." दोघांनी दचकून वर पाहिलं. मी हात जोडून त्यांना पुढे ओढलं. त्या लोकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझाही फोन पर्समध्ये होता आणि तिथपर्यंत हात दोनदा गेला होता. सुटत नाही ते. रोज नव्याने बाजूला ठेवावं लागतं.

तर तो शनिवार. सकाळची शाळा होती. घरी आले, फोन आत स्वयंपाकघरात ठेवला आणि बाजारातून आणलेले हरभऱ्याचे डहाळे घेऊन गॅलरीत बसले. आप्पांची खुर्ची समोर ओढली, मधे सूप ठेवलं. दोघं सोलाणे सोलायला लागलो. थंडीतलं मऊ ऊन होतं. हिरव्या घाट्यांचा आंबूस वास बोटांना लागत होता. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत सोलत होते. परीक्षा बघत असावेत, आणि बघायचा त्यांना हक्कही होता. मीच बोलत राहिले, शाळेतलं, शेजारचं, जे सुचेल ते. मान वर, तोंड समोर. हात आपोआप सोलत होते, त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती.

अर्ध्या तासाने आत फोन वाजायला लागला. आप्पांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण माझे डोळे एकदा दाराकडे गेले तेवढे त्यांनी टिपले.

"वाजतोय न्हवं?"

"वाजू दे."

तो वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. मी घाटे सोलत बसले. खोटं कशाला सांगू, फार अवघड गेलं. आप्पांनी मूठभर दाणे सुपात टाकले, हात धोतराला पुसले आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

"एक सांगायचं ऱ्हायलंय तुला," ते म्हणाले. "लई दिवस झालं. जायाच्या आदी सांगावं म्हणत हुतो. तुझी आई शेवटाला काय बोलली, ठावं हाय?"

मी मान हलवली. ती काही बोललीच नव्हती. दोन दिवस आधीच तिचा आवाज गेला होता. दवाखान्यात नर्सनेही तेच सांगितलं होतं, आणि मला तेच खरं वाटत होतं, कारण मी तिच्या उशाशी होते.

"बोलली. दुपारचं. म्या पायाकडं बसलोतो. तू तिच्या बाजूला, खुर्चीत."

मला ती खुर्ची आठवली. निळी, प्लास्टिकची, एक पाय अधू. त्या दुपारी शाळेच्या पटाची माहिती जायची होती. मी ती भरत होते.

"तुझी मान अशी खाली ग्येलेली," आप्पांनी हनुवटी छातीला लावून दाखवली. "तिला वाटलं, तुला डोळा लागला. तिनं माझ्याकडं बघितलं आन् ओठ हलवलं. शेडमधी बोलायची न्हवं का, तसं, सावकाश. म्हणाली, 'पोरगीला झोप लागलीया. मान अवघडंल तिची. माझी उशी द्या तिला.'"

खालून एक ट्रॉली गेली. तिच्या स्पीकरवरचं गाणं लांब जाईपर्यंत मी आप्पांकडे बघत राहिले.

"मग?" मी विचारलं. आवाज निघाला की नाही मला माहीत नाही. त्यांना त्याची गरज नव्हती.

"मग काय. तिची उशी काढली, तुला दिली. त्येच्या म्होरं न्हाय काय बोलली ती."

आणि तेव्हा मला आठवलं. त्या दुपारी कुणीतरी माझ्या मानेमागे काहीतरी मऊ सरकवलं होतं. मी वर न बघता ते काढून बाजूला ठेवलं होतं. "राहू द्या हो," असं म्हणालेही होते. आप्पांनी ते सगळं पाहिलं होतं. आईनेही पाहिलं असणार. ते एवढंच गाळून त्यांनी मला बाकीचं सगळं दिलं.

मान खाली घालावी, पदरात तोंड लपवावं असं फार वाटलं. पण आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी मान वर ठेवली आणि त्यांच्या समोर, त्यांना सगळं दिसेल असं, रडले.